खांद्याचे दुखणे : आधी ओळख, मग इलाज



या सदरातून आम्ही नेहमी बेणे, लागण, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या अंकात विषय थोडा वेगळा आहे. बेंदराच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे मळतो, हळद-तूप लावतो. ज्या बैलाचा खांदा सुजला त्याला कोणी जुवाला धरत नाही. ट्रॅक्टरच्या बेअरिंगचा आवाज आला तर त्याच दिवशी मिस्त्री गाठतो. स्वतःचा खांदा दुखला तर मात्र सहा-सहा महिने अंगावर काढतो.

गटागटांतून फिरताना "साहेब, ऊस पिवळा पडलाय" हे जितक्या वेळा कानावर येते, जवळजवळ तितक्याच वेळा "साहेब, हात वर जाईना" हेही येते. तोपर्यंत बाम संपलेला असतो, नस चोळून झालेली असते आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी पोट जळत असते. दुखणे मात्र होते तिथेच.

आम्ही डॉक्टर नव्हे. औषध लिहून देणे हे आमचे काम नाही. परंतु रोग ओळखल्याशिवाय औषध मारू नये, हे बांधावर उभे राहून सांगणे आमचे रोजचे काम आहे. उसाचे पान पिवळे पडले म्हणजे युरिया टाकलाच पाहिजे असे नाही. लोह कमी पडून केवडा आलेला असेल, पाणी साचून मुळ्या गुदमरल्या असतील किंवा खरोखरच नत्र कमी पडले असेल. पान तिन्हीकडे पिवळेच दिसते, इलाज मात्र तीन आहेत. खांद्याचेही तसेच आहे. दुखणे एकाच जागी असले तरी त्याची कारणे अनेक आहेत. काही दुखण्यांना वेळ आणि व्यायाम पुरतो, तर काहींना थोड्याच आठवड्यांत तज्ज्ञाचा हात लागावा लागतो. हा फरक ज्याला कळला त्याचा हात वाचतो.

सांध्याची रचना

खुब्याचा सांधा म्हणजे खोल उखळ आहे. खांदा तसा नाही. पाठीवरच्या त्रिकोणी फऱ्याच्या हाडाला बाहेरच्या बाजूस एक उथळ बशी असते आणि तिला दंडाच्या हाडाचा गोळा टेकलेला असतो. चहाच्या बशीत लिंबू ठेवावे तसा हा प्रकार आहे. गोळ्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग बशीत बसतो. म्हणूनच हात पुढे, मागे, वर, चहूकडे फिरतो. शरीरातला दुसरा कोणताही सांधा इतका फिरत नाही. पण जो सांधा जास्त फिरतो तो निसटतोही लवकर.

हा गोळा जागेवर धरून ठेवतात ते चार स्नायू. मांडवाच्या मेढीला चारी बाजूंनी दोर ताणून बांधावेत तसे ते गोळ्याभोवती बांधलेले असतात. डॉक्टर त्यांना 'रोटेटर कफ' म्हणतात. स्नायूचे टोक जिथे हाडाला चिकटते तिथे त्याचा चिवट दोर बनतो, त्याला कंडरा म्हणतात. या दोरांच्या वर हाडाचे छप्पर असते. दोर आणि छप्पर घासू नयेत म्हणून मध्ये पाण्याची छोटी पिशवी असते. सगळ्या सांध्याभोवती पातळ वेष्टन असते, ते निरोगी असताना सैल असते.

आता बिघाड कुठे होऊ शकतो ते सरळ दिसते. दोर झिजतो किंवा तुटतो. वेष्टन आखडते. गोळा बशीतून निखळतो. हाड मोडते. आणि कधी कधी खांद्यात काहीच बिघडलेले नसते, दुखणे दुसरीकडून आलेले असते.

१. दोर झिजणे आणि तुटणे

हा प्रकार कष्टकऱ्यांत फार आढळतो. वर्षानुवर्षे डोक्याच्या वर हात करून काम, मोळ्या उचलून ट्रॉलीत टाकणे, पाठीवरच्या पंपाचा दांडा मारणे, यांमुळे दोर सुजतो आणि विरत जातो. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते आणि पूर्ण वर गेल्यावर ती कमी होते. त्या कुशीवर झोपवत नाही. साठीनंतर अनेकांचा दोर थोडाफार विरलेला असतो आणि त्यांतल्या कित्येकांना काही त्रासही नसतो. त्यामुळे तपासणीत 'फाटलेला आहे' असे आले म्हणून लगेच घाबरू नये. अशा दुखण्यात काम थोडे बदलणे आणि नियमित व्यायाम यांनी बहुतेकांना आराम पडतो.

परंतु पडल्यावर, झटका बसल्यावर किंवा जड ओझे सावरताना खांद्यात काही तुटल्यासारखे झाले आणि त्या क्षणापासून हात उचलेनासा झाला, तर ती गोष्ट वेगळी. तिथे दोर एकदम तुटलेला असू शकतो. तुटलेला दोर ओढला जाऊन मागे सरकतो. त्याचा स्नायू काम नसल्याने वाळतो आणि हळूहळू त्याच्या जागी चरबी भरते. एकदा चरबी भरली की नंतर दोर शिवला तरी स्नायू पहिल्यासारखा होत नाही. म्हणून अशा माणसाने दोन-तीन आठवड्यांच्या आत अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

आमच्या माहितीतले एक सभासद भरल्या ट्रॉलीवरून खाली आले. एका ठिकाणी फोटो काढला, हाड शाबूत असल्याचे सांगितले, गोळ्या दिल्या. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण एक्स-रेच्या फोटोत हाड दिसते, दोर दिसत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नाही. आठ महिन्यांनी सोनोग्राफी झाली तेव्हा दोर पार मागे गेला होता आणि स्नायू वाळला होता. आज ते उजव्या हाताने वरच्या फळीवरचा डबा काढू शकत नाहीत. फोटो चांगला आला तरी हात उचलत नसेल तर पुढची तपासणी मागून घ्यावी, एवढाच याचा धडा.

२. आखडलेला खांदा

यात दोर शाबूत असतो, वेष्टन मात्र जाड होऊन आवळते. बोस्टनचे शस्त्रवैद्य कॉडमन यांनी १९३४ साली याला 'फ्रोझन शोल्डर' म्हणजे गोठलेला खांदा हे नाव दिले. साधारण चाळीस ते साठ या वयात आणि पुरुषांपेक्षा बायकांत हा विकार जास्त आढळतो. कसलीही इजा नसताना सुरुवात होते. पहिले काही महिने दुखणे फार असते, रात्री झोप लागत नाही. पुढे दुखणे उतरते पण हात आखडतो. बायकांना वेणी घालता येत नाही, पुरुषांना सदऱ्याची बाही चढवता येत नाही. त्यानंतर खांदा सावकाश सुटू लागतो. हे सारे चक्र पूर्ण व्हायला एक ते तीन वर्षे लागू शकतात. बहुतेकांचा हात बराच मोकळा होतो, काहींना थोडी आखड राहते.

आता महत्त्वाची गोष्ट. सर्वसाधारण लोकांत शंभरात दोन ते पाच जणांना हा विकार होतो, तर मधुमेहींत हेच प्रमाण दहा ते वीसपर्यंत जाते. थायरॉईडच्या रुग्णांतही तो जास्त दिसतो. म्हणून इजा न होता खांदा आखडला तर रक्तातील साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्यावी. एका गावच्या आमच्या भगिनी खांद्यासाठी दवाखान्यात गेल्या आणि साखर निघाली. खांद्याने त्यांना वेळेवर सावध केले असेच म्हटले पाहिजे. कारखान्यात साखरेचा उतारा वाढला तर आपल्याला आनंद होतो, अंगात वाढला तर तो आवरावाच लागतो.

३. निखळलेला खांदा

मोटारसायकल घसरली, कबड्डीत हात ओढला गेला, पसरल्या हातावर पडलो, की गोळा बशीबाहेर येतो. मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त निखळणारा सांधा हाच. शंभरात पंच्याण्णव वेळा गोळा पुढच्या बाजूला सरकतो. खांद्याची गोलाई जाऊन तिथे खळगा दिसतो.

अशा वेळी गर्दीतला कोणीतरी अनुभवी पुढे होतो आणि हात ओढून 'बसवतो'. हे करू देऊ नये. निखळण्याबरोबर हाडही मोडलेले असू शकते. काखेजवळून मोठी रक्तवाहिनी आणि शिरा जातात. ओढाताणीत त्या दुखावल्या तर हात कायमचा लुळा पडण्याची भीती असते. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत पंचाच्या झोळीत आधाराला धरावा आणि त्याच दिवशी, होईल तितक्या लवकर रुग्णालय गाठावे. भूल द्यावी लागण्याचा संभव असतो, म्हणून वाटेत चहा-खाणे देऊ नये. डॉक्टर आधी फोटो काढतात, मग भूल किंवा गुंगी देऊन हलक्या हाताने सांधा बसवतात आणि पुन्हा फोटो काढून खात्री करतात. हाताची बोटे हलतात का, दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का, हेही पाहतात.

पुढे वयानुसार दोन वाटा आहेत. विशीच्या आतल्या पोरांत बशीची किनार फाटलेली असते आणि निम्म्याहून अधिक जणांचा खांदा पुन्हा निखळतो. वारंवार असे होत असेल तर ती किनार दुर्बिणीतून शिवून घेणे योग्य ठरते. चाळिशीच्या पुढे पुन्हा निखळण्याचा धोका कमी असतो, पण दोर तुटण्याचा जास्त. सांधा बसवल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही हात उचलत नसेल तर सोनोग्राफी करून घ्यावीच.

विजेचा झटका बसला असेल तर

हे आम्ही मुद्दाम वेगळे लिहीत आहोत, कारण आपल्याकडे रात्री-अपरात्री स्टार्टरला हात लावावा लागतो. विजेच्या झटक्याने किंवा फिट आल्याने सारे स्नायू एकदम आवळतात आणि गोळा मागच्या बाजूला निखळू शकतो. हा प्रकार विरळा आहे, पण हमखास नजरेतून सुटणारा आहे. बाहेरून खळगा दिसत नाही आणि समोरून काढलेला फोटो जवळजवळ बरोबर वाटतो. खूण एकच. हात पोटाकडे वळून अडकलेला असतो आणि कोपर अंगाला लावून पंजा बाहेर वळवता येत नाही. असा माणूस पुष्कळदा 'आखडलेला खांदा' समजून महिनोन्महिने शेकत बसतो. तेव्हा झटका बसल्याची किंवा फिट आल्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी आणि बाजूनेही फोटो काढण्याबद्दल विचारावे.

४. मोडलेले हाड

हासळीचे हाड मोटारसायकलवरून पडून मोडते. बहुतेक वेळा ते हात झोळीत ठेवून जुळते. म्हातारपणी साध्या घसरण्याने दंडाच्या हाडाचा वरचा भाग मोडतो. त्याला प्रत्येक वेळी पट्टी-स्क्रू लागतातच असे नाही. याविषयी पुढे सांगतो.

५. दुखणे खांद्यात, मूळ दुसरीकडे

मानेच्या मणक्यात शीर दाबली गेली तर कळ खांद्यावरून बोटांपर्यंत जाते आणि मुंग्या येतात. पित्ताशयाच्या खड्यांचे दुखणे उजव्या खांद्यात जाणवू शकते. वर्षानुवर्षे बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा खांदा सतत दुखत असेल, वजन घटत असेल, तर छातीचा फोटो काढावा. आणि डावा खांदा व हात दुखत असून छातीत दाब, घाम, दम किंवा मळमळ असेल तर तिथे बाम चोळत बसू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठावे.

घरच्या घरी एक ओळख

कोपर अंगाला चिकटवून काटकोनात धरा आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळवा. नंतर हात बाजूने वर न्या. जिथे अडले तिथे घरातल्या दुसऱ्या माणसाला हलक्या हाताने पुढे नेऊन पाहू द्या. जोर लावायचा नाही.

स्वतःला हलवता येत नाही आणि दुसऱ्यालाही हलवता येत नाही, तर सांधा आखडला आहे. स्वतःला उचलता येत नाही पण दुसऱ्याने धरून नेला तर हात वर जातो आणि सोडताच खाली पडतो, तर दोर तुटल्याची शंका घ्यावी. पूर्ण हलतो पण मधल्या टप्प्यात कळ येते, तर दोर सुजला असावा. हा काही निदानाचा दाखला नव्हे. पण डॉक्टरांना "खांदा दुखतोय" एवढेच सांगण्यापेक्षा हे सांगितले तर काम सोपे होते. ताजी इजा झाली असेल तर मात्र हा प्रयोग करू नये, सरळ दवाखान्यात जावे.

तज्ज्ञाकडे गेल्यावर

आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावे. गरज पडली तर अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांतही काही जण केवळ खांद्याच्या शस्त्रक्रिया करतात. व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट हे या कामातले तितकेच महत्त्वाचे माणूस आहेत, त्यांना 'शेक देणारे' समजू नये.

तज्ज्ञ सहसा एक्स-रेपासून सुरुवात करतात. दोर पाहायचा तर सोनोग्राफी. ती जाणकाराने केली तर पूर्ण तुटलेला दोर चांगला ओळखता येतो आणि खर्चही एमआरआयपेक्षा कमी येतो. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर एमआरआय सांगतात. जाताना जुने फोटो, साखरेचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा पोटात व्रण असेल तर आधी सांगावे, कारण वेदनाशामक गोळ्या अशा माणसाला घातक ठरू शकतात.

सांध्यात स्टेरॉईडचे इंजेक्शन देतात त्याची पुष्कळांना भीती असते. आखडलेल्या खांद्यात सुरुवातीच्या काळात दिलेले एखादे इंजेक्शन दुखणे चांगले उतरवते. ते पुन्हा पुन्हा घेत राहू नये, एवढे खरे. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वर जाते, म्हणून ती तपासत राहावे.

कोणती शस्त्रक्रिया कामाची? चाचणी प्लॉटचा पुरावा

उसाची नवी जात आपण कोणाच्या शब्दावर घेत नाही. को ७४० च्या जागी को ८६०३२ आली ती चाचण्यांत उतरून आली. शेजारी-शेजारी प्लॉट टाकायचे, एकाला उपचार करायचा, एक तसाच ठेवायचा आणि वजन करून बघायचे. शस्त्रक्रियांच्याही अशा चाचण्या होतात. खांद्याच्या काही मोठ्या चाचण्या अलीकडे ब्रिटनमध्ये झाल्या, त्यांतून आपल्यालाही शिकता येते.

दोरावर घासणारे हाडाचे छप्पर दुर्बिणीतून थोडे तासण्याची शस्त्रक्रिया अनेक वर्षे सर्रास होत असे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३१३ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाचे हाड तासले. दुसऱ्याच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. तिसऱ्यावर काहीच उपचार केला नाही. तासलेला गट आणि नुसती दुर्बीण घातलेला गट सारखेच निघाले. दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा किंचित बरे होते, पण रुग्णाला जाणवावा इतका तो फरक नव्हता.

आखडलेल्या खांद्यावर २०२० साली ५०३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. भूल देऊन खांदा मोकळा करणे, दुर्बिणीतून वेष्टन कापणे, आणि इंजेक्शनसह शिस्तीत शिकवलेला व्यायाम, या तिन्हींत वर्षाअखेर कोणीही ठळकपणे सरस ठरले नाही. २०२१ च्या ७०८ रुग्णांच्या चाचणीत दोर झिजलेल्यांना फिजिओथेरपिस्टने एकदाच नीट समजावून व्यायाम शिकवला आणि दुसऱ्या गटाला अनेक वेळा बोलावून शिकवला. वर्षभरात दोन्ही गटांत फरक पडला नाही. घरी नियमाने केलेला व्यायाम महत्त्वाचा, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो. दंडाच्या वरच्या टोकाच्या मोडीवर २०१५ साली २५० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. हाड सरकलेले असतानाही शस्त्रक्रिया केलेले आणि झोळीत ठेवलेले यांच्यात दोन वर्षांत फरक आढळला नाही. ज्यांना शस्त्रक्रिया हवीच होती असे रुग्ण त्या चाचणीत घेतलेले नव्हते, हेही लक्षात ठेवावे.

म्हणजे शस्त्रक्रिया निरुपयोगी असे नव्हे. इजेने एकदम तुटलेला दोर, पुन्हा पुन्हा निखळणारा तरुणाचा खांदा, चुरा झालेले हाड, यांत तज्ज्ञाची शस्त्रक्रिया हात परत मिळवून देते. दोर शिवल्यावर चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो आणि जड कामाला साधारण सहा महिने थांबावे लागते. हे आधी लक्षात घेऊनच हंगामाची आखणी करावी. शिवलेल्या खांद्याने तिसऱ्या महिन्यात मोळी उचलली तर सारा खर्च पाण्यात जाण्याची भीती असते.

सांधा पार झिजला तर तो बदलताही येतो. पॅरिसचे शस्त्रवैद्य पेआँ यांनी १८९३ साली क्षयाने पोखरलेल्या खांद्यात धातू आणि रबराचा सांधा बसवला होता. दोन वर्षांनी तो काढावा लागला, पण वाट दिसली. फ्रान्समधल्याच ग्रामाँ यांनी १९८५ साली एक वेगळी युक्ती काढली. गोळ्याच्या जागी वाटी आणि बशीच्या जागी गोळा असा उलटा सांधा बसवायचा. त्यामुळे तुटून गेलेल्या दोरांचे काम दंडावरचा मोठा स्नायू करू लागतो. ज्यांचे दोर शिवण्यापलीकडे गेले आहेत अशा वयस्क माणसांना आज याचा उपयोग होतो. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही ही शस्त्रक्रिया होते.

घरी करावयाचे व्यायाम

ताजी इजा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा निखळलेला खांदा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. इतरांनी दिवसातून दोन-तीन वेळा करावेत.

१. झोका : चांगल्या हाताने खाटेचा आधार घेऊन पुढे वाका. दुखरा हात सैल सोडून पुढे-मागे आणि गोल, लहान झोके द्या.

२. भिंत चढणे : भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढत जा. जिथवर हात गेला तिथे खडूची खूण करा. आठवड्याने खूण वर सरकली का बघा.

३. काठी : कोपरे अंगाला लावून दोन्ही हातांत आडवी काठी धरा. चांगल्या हाताने ढकलून दुखरा हात बाहेर न्या.

४. पंचा : पाठीमागे पंचा धरून चांगल्या हाताने वर ओढा.

५. ताकदीसाठी : सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खुंटीला बांधून कोपर अंगाला लावून बाहेर ओढा. दुखणे उतरल्यावरच हा करावा.

व्यायामात थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे पूर्वीवर आले पाहिजे. नाही आले तर व्यायाम कमी करावा, बंद करू नये. दुखतो म्हणून हात महिनोन्महिने गळ्यात बांधून ठेवणे हे सर्वांत वाईट.

कामात करावयाचा बदल

पाठीवरचा पंप भरल्यावर वीस किलोच्या आसपास जातो. पट्ट्या रुंद व मऊ असाव्यात, टाकी अर्धी-पाऊण भरावी आणि दांड्याचा हात बदलत राहावे. बॅटरीचा पंप असेल तर दांड्याचे कष्टच वाचतात. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली असली तरी एकट्याने झटक्यात खांद्यावर घेऊ नये, दोघांनी उचलावी. वर उचलायचे ओझे अंगाजवळ धरावे. कोयत्याला धार ठेवावी. बोथट कोयता खांद्याचे कष्ट वाढवतो.

आपल्या फडात येणाऱ्या तोडकऱ्यांचाही येथे विचार करावा. घाव घालण्याचे, मोळी बांधण्याचे आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून चढण्याचे काम तेच करतात. त्यांची उचल फिटायची असते, म्हणून ते दुखणे लपवतात. फडात कोणी पडला, हात उचलेना झाला, तर मुकादमावर न सोडता त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. तो परगावचा आहे, त्याला इथला दवाखाना माहीत नसतो. दरवर्षी तुमचा ऊस ज्या हातांनी कारखान्यावर पोहोचतो त्यांपैकी एक हात तो आहे.

खर्चाविषयी

जिल्ह्याचे शासकीय रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, जसे कोल्हापूरचे सीपीआर किंवा पुण्याचे ससून, येथे अस्थिरोग विभाग आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे दाखल होण्यापूर्वी त्यांना विचारावे. शस्त्रक्रिया सुचवली तर डॉक्टरांना तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. माझे नेमके काय बिघडले आहे? तीन महिने व्यायाम करून पाहिला तर काही नुकसान होईल का? शस्त्रक्रियेनंतर कामावर कधी जाता येईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

कधी थांबू नये

इजेनंतर हात उचलत नसेल, खांद्याचा आकार बदलला असेल, पंजा गार पडला किंवा बधिर झाला असेल, विजेच्या झटक्यानंतर हात आत वळून अडकला असेल, खांदा सुजून लाल झाला आणि ताप आला असेल, त्यातही रुग्ण मधुमेही असेल, तर त्याच दिवशी जावे. इजा नसताना दुखणारा खांदा तीन-चार आठवड्यांत उताराला लागला नाही तरी दाखवावे.

कारखाना बंद असतो तेव्हा मिलची दुरुस्ती होते, गाळप सुरू झाल्यावर नव्हे. आपल्या अंगाचे मात्र तसे ठरवता येत नाही. तुटलेला दोर हंगाम संपायची वाट पाहत नाही. तोड आली आहे, पाळी चुकेल, या हिशेबात दोन महिने काढणाऱ्याला पुढची सारी वर्षे एका हाताने शेती करावी लागू शकते. तेव्हा दुखणे ओळखावे, ज्याला वेळ द्यायचा त्याला वेळ द्यावा आणि ज्याला वेळ नाही त्यासाठी आजच गाडी काढावी.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग